कालुगाचे मास्तर आणि फिरते यान



या अंकासाठी चरित्र कोणाचे घ्यावे हा प्रश्न आम्हांला या वेळी फारसा पडला नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, आणि तेव्हापासून वर्गावर्गांत एकच प्रश्न ऐकू येतो. तिथे माणसे तरंगतात, हाडे ठिसूळ होतात, तर मग ते यान गरगर फिरवून वजन का तयार करत नाहीत? सिनेमात तर तसेच दाखवतात! प्रश्न उत्तम आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रशियातल्या एका लहान शहरात, सकाळी मुलांना अंकगणित शिकवणाऱ्या आणि रात्री दिव्याखाली कागद रंगवणाऱ्या एका मास्तरांनी तो विचारला होता आणि त्याचे उत्तरही लिहून ठेवले होते. त्यांचे नाव कोन्स्तांतीन त्सिओलकोव्हस्की. नाव उच्चारायला कठीण आहे हे खरे, पण दोन-तीनदा मोठ्याने म्हटले की जिभेवर बसते.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ चा. इकडे दिल्लीत लढाई पेटलेली होती त्याच आठवड्यात तिकडे र्‍याझान प्रांतातल्या इझेव्हस्कोये नावाच्या गावात हे मूल जन्माला आले. वडील जंगलखात्यात नोकरीला, घरात मुले पुष्कळ, पैसा बेताचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास कोन्स्तांतीनला स्कार्लेट फीवर झाला. ताप उतरला, पण कान गेले. पूर्ण बहिरेपण नव्हे, मात्र वर्गात मागे बसून मास्तर काय बोलतात ते कळणे संपले. आई त्याच्या मागे उभी होती, तीही १८७० मध्ये वारली. शाळा अर्धवट सुटली ती सुटलीच.

शाळा सुटलेला हा मुलगा घरात बसून वडिलांच्या कपाटातली पुस्तके एकट्यानेच वाचू लागला. भूमितीच्या पुस्तकात अंतर मोजण्याची रीत वाचली आणि स्वतः कोन मोजण्याचे यंत्र बनवले. घराबाहेर पाऊल न टाकता दूरच्या आगीच्या टेहळणी मनोऱ्याचे अंतर काढले, मग चालत जाऊन मोजले, तर दोन्ही आकडे जुळले! पुस्तकात लिहिलेले बाहेर खरे ठरते, यावर त्याचा त्या दिवसापासून विश्वास बसला.

वडिलांनी ओळखले की या मुलात काहीतरी आहे. १८७३ मध्ये त्यांनी त्याला सोळाव्या वर्षी एकट्याला मॉस्कोला पाठवले. कुठल्या महाविद्यालयात नाव नव्हते. सार्वजनिक ग्रंथालय हेच महाविद्यालय. घरून येणारे थोडे रुबल पुस्तके, पारा आणि आम्ले यांवर खर्च होत. जेवण म्हणजे काळा पाव, तोही असा की महिन्याचा खर्च ९० कोपेक, म्हणजे रुबलाच्याही आत. ग्रंथालयात निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचे एक विरक्त वृत्तीचे ग्रंथपाल होते. त्यांनी या फाटक्या कोटातल्या मुलाला हवी ती पुस्तके दिली. (आपल्या ग्रंथालयाच्या तासिकेला ज्यांना जांभया येतात त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) तीन वर्षांत त्याने गणित, भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र आपल्या हिमतीवर पुरे केले.

याच मॉस्कोत एका रात्री ती गोष्ट घडली. पृथ्वी सोडून वर कसे जाता येईल हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता, आणि अचानक उत्तर सापडल्यासारखे वाटले. एक बंद पेटी, तिच्यात दोन उलटे उभे केलेले लवचीक दांडे, दांड्यांच्या वरच्या टोकांना जड गोळे. हे गोळे कमानीत झुलू लागले की ते बाहेरच्या बाजूला ओढ घेणार, आणि ती ओढ पेटीला वर उचलणार. ओढ म्हणजे अपकेंद्री बल. आमचे शिक्षण हिंदीतून झाले, तिथेही हाच शब्द होता. जुन्या मराठी पुस्तकांत केंद्रोत्सारी प्रेरणा असेही म्हटलेले आढळते. दोरीला दगड बांधून फिरवला की हाताला जो ताण बसतो, त्याचेच हे नाव. मुलाला इतका आनंद झाला की खोलीत राहवेना. रात्रभर तो मॉस्कोच्या रस्त्यांवर भटकत राहिला. पहाट होता होता हिशेब लक्षात आला. गोळे एका क्षणी पेटीला वर ओढतील, तर दुसऱ्या क्षणी तितकेच खाली दाबतील. मोटारीत बसून आतूनच मोटारीला धक्का मारला तर ती पुढे सरकत नाही, तसेच हे. पेटी जागच्या जागी थरथरेल, उडणार नाही.

पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ही रात्र नोंदवून ठेवली. स्वप्नातही ते यंत्र आपल्याला दिसत राहिले, असे त्यांनी सांगितले आहे. आम्हांला मात्र या प्रसंगातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. वर नेण्यास निरुपयोगी ठरलेले हे बल त्यांनी टाकून दिले नाही. ते दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवले.

१८७६ मध्ये ते घरी परतले आणि शिकवण्या घेऊ लागले. याच सुमाराच्या वर्षांत त्यांनी एक गरगर फिरणारे यंत्र बनवले आणि त्यात जिवंत प्राणी ठेवून पाहिले. स्वयंपाकघरातले झुरळ फिरवून त्याचे वजन ३०० पट केले, तर कोंबडीच्या पिलाचे सुमारे १० पट. दोघांनाही काही इजा झाल्याचे त्यांना दिसले नाही. प्रयोग हसण्यासारखा वाटेल. परंतु फिरवण्याने वजन बदलता येते आणि ते वजन सजीवाला कितपत सोसते, हा प्रश्न त्यात सरळ विचारलेला आहे. आजच्या अंतराळवीरांना फिरत्या यंत्रात बसवून जे तपासतात ते याहून वेगळे नाही.

१८७९ मध्ये त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन शिक्षकाची पात्रता मिळवली. दुसऱ्या वर्षी बोरोव्स्क या गावच्या शाळेत अंकगणित आणि भूमिती शिकवायला लागले. तिथेच वार्वारा सोकोलोवा यांच्याशी लग्न झाले. मुलांना कागदाचे गरम हवेचे फुगे उडवून दाखवायचे, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर छत्रीचे शीड करून घसरत जायचे, असे हे मास्तर होते. वायूंच्या गतीचा सिद्धांत त्यांनी स्वतः मांडून राजधानीतल्या विद्वानांच्या सभेकडे पाठवला, तर तो दोन दशकांपूर्वीच दुसऱ्यांनी शोधलेला निघाला. लहान गावात पुस्तके पोहोचत नाहीत त्याचा हा परिणाम. पण सभेने त्यांची बुद्धी ओळखली.

१८८३ मध्ये त्यांनी रोजनिशीच्या रूपात एक हस्तलिखित लिहिले. वजन नसलेल्या मोकळ्या जागेत माणूस कसा वावरेल, वळेल कसा, थांबेल कसा, याचा त्यात विचार आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १८९२ मध्ये बदली होऊन ते कालुगा शहरात आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. पुढे मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. ऐकण्यासाठी स्वतः पत्र्याचे मोठे कर्णे बनवले. कालुगाच्या घरात त्यांनी १८९७ मध्ये वाऱ्याचा झोत सोडून वस्तूंवरचा अवरोध मोजण्याचे यंत्र उभारले. विज्ञान अकादमीने त्यासाठी ४७० रुबल दिले. आयुष्यभरातली संशोधनासाठी मिळालेली मोठी मदत म्हणावी तर एवढीच.

१९०३ साली त्यांचा जो लेख छापून आला त्याने ते जगाच्या इतिहासात गेले. अग्निबाण आपल्यातलाच वायू मागे फेकून पुढे जातो, म्हणून निर्वात अवकाशातही तो चालेल, हे त्यांनी समीकरणासह दाखवले. १९११-१२ मध्ये त्याच अभ्यासाचा पुढचा भाग एका विमानविद्येच्या मासिकात आला. पेटी जे करू शकली नाही ते अग्निबाण करणार होता, कारण तो काहीतरी बाहेर फेकतो. समीकरणाची गोष्ट बारावीची मुले वर्गात शिकतीलच. आम्हांला थांबायचे आहे ते फिरण्याच्या मुद्द्यावर.

त्सिओलकोव्हस्कींचे म्हणणे साधे होते. वजनाशिवाय माणूस मजेत राहील असे त्यांना स्वतःला वाटत असे. पण समजा तसे नसले, वजन नसण्याने शरीराला अपाय होतो असे ठरले, तर घाबरायचे कारण नाही. घराला, मग ते अग्निबाणच का असेना, गोल फिरवा. बाहेरची भिंत जमीन होईल. किती वजन हवे ते घराच्या आकारावर आणि फिरण्याच्या वेगावर अवलंबून. आणि हे वजन फुकटात टिकेल, कारण अवकाशात अडवायला हवा नाही. एकदा फिरवले की फिरतच राहील.

हे कसे होते ते आपल्या मुलांना ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नाही. मेळ्यात मौत का कुआँ पाहिला असेल. मोटारसायकलवाला उभ्या लाकडी भिंतीवर आडवा होऊन फिरतो आणि पडत नाही. गाडी सरळ जाऊ पाहते, भिंत तिला सतत आत वळवते, आणि त्या रेट्यामुळे चाके भिंतीला घट्ट चिकटतात. भरलेली पाण्याची बादली डोक्यावरून जोरात फिरवली तरी पाणी सांडत नाही, तेही याच कारणाने. (करून पाहायचे तर मैदानात करावे. आमच्या एका वर्गात हा प्रयोग झाल्यावर तीन वह्या वाळत घालाव्या लागल्या होत्या.) फिरत्या यानातल्या माणसाला यानाची भिंत असेच आत ढकलत राहते, आणि तळपायांना ते जमिनीसारखे लागते.

पुढच्या लेखनात त्यांनी या कल्पनेला घरदार दिले. शंकूच्या आकाराचे मोठे घर, त्याचे पारदर्शक तोंड सूर्याकडे, आतल्या भिंतीवर मातीचा थर, मातीत झाडे, आणि माती-पाणी जागेवर राहावे म्हणून सगळ्याला संथ फिरकी. झाडे माणसाला हवा आणि अन्न देणार, माणसाचा कचरा झाडांना मिळणार. त्यांची एक कादंबरीही आहे, १८९६ मध्ये सुरू केलेली आणि १९२० मध्ये कालुगात पुस्तकरूपाने आलेली. तिची सुरुवात आपल्या हिमालयात होते! डोंगररांगांतल्या एका वाड्यात देशोदेशीचे सहा शास्त्रज्ञ राहतात, न्यूटन आणि गॅलिलिओ अशी त्यांची नावे, साल २०१७. ते अग्निबाण बांधतात आणि तिथूनच आकाशात जातात. त्यांनी सांगितलेले साल आता मागे पडले आहे. हिमालय मात्र त्यांना का निवडावासा वाटला असेल, यावर आमच्या भूगोलाच्या शिक्षकांशी आमचा अजून वाद चालू आहे.

आता या चरित्राची दुसरी बाजू, जी मोठ्यांनी वाचावी. पगार लहान, मुले सात, आणि पुस्तिका छापण्याचा खर्च पुष्कळदा स्वतःच्या खिशातून. याची किंमत वार्वाराबाईंनी आणि मुलांनी मोजली. थोरला मुलगा इग्नाती मॉस्कोत शिकत असताना १९०२ मध्ये त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. १९०८ मध्ये ओका नदीचा पूर घरात शिरला आणि कागद भिजले. १९२३ मध्ये दुसऱ्या एका मुलाचाही तसाच शेवट झाला. वडील वारले तेव्हा सातांपैकी दोन मुलीच मागे होत्या. त्यांतली ल्युबोव्ह वर्षानुवर्षे त्यांचे लेखन नीट लावून देत असे. थोर माणसाच्या घरात काय चालले होते हे चरित्रांत बहुधा दोन ओळींत उरकतात. आम्हीही फार लिहीत नाही, पण ते वगळणे आम्हांला पटले नाही.

आणखी एक. त्यांनी तत्त्वज्ञानावरही बरेच लिहिले, आणि मानवजात निवडून निवडून सुधारत न्यावी, दुबळे जीव मागे राहू नयेत, असे विचार त्यात आहेत. ते आम्हांला मान्य नाहीत. ज्यांना कानाने ऐकू येत नव्हते आणि ज्यांना शाळेने बाहेर काढले, त्यांनीच हे लिहावे याचे आश्चर्य वाटते. अशी निवड त्यांच्या लहानपणी कोणी केली असती तर र्‍याझानचा हा मुलगा पहिल्याच चाळणीत गळला असता.

क्रांतीनंतर १९१९ मध्ये संशयावरून त्यांना पकडून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात काही दिवस ठेवले होते. १९२१ मध्ये त्याच सरकारने आयुष्यभराचे निवृत्तिवेतन दिले. साठी उलटल्यावर मग नाव पसरले, तरुण अभियंते पत्रे लिहू लागले, पंच्याहत्तरीला मोठा सरकारी सन्मान मिळाला. १९ सप्टेंबर १९३५ रोजी कालुगात त्यांचे निधन झाले. पहिला कृत्रिम उपग्रह बावीस वर्षे दूर होता. १९६१ मध्ये गागारिन अंतराळातून परतल्यावर दोनच महिन्यांनी कालुगाला आले आणि मास्तरांच्या नावाच्या संग्रहालयाची पायाभरणी त्यांनी केली.

अग्निबाणाचे स्वप्न खरे झाले. फिरत्या घराचे काय झाले? ऑस्ट्रियाच्या सैन्यातले निवृत्त अधिकारी हेर्मान पोतोच्निक यांनी १९२८ च्या अखेरीस आलेल्या पुस्तकात ३० मीटर व्यासाचे चाकासारखे घर आराखड्यांसह मांडले. व्हेर्नहेर फॉन ब्राउन यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत ७५ मीटरचे चाक सुचवले. १९७५ मध्ये तर १०,००० माणसांच्या, जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाच्या चाकाचा अभ्यास झाला. सगळे कागदावर. प्रत्यक्षात १९६६ च्या सप्टेंबरात जेमिनी ११ यानाच्या दोन अंतराळवीरांनी आपले यान ३० मीटर पट्ट्याने दुसऱ्या यानाला बांधले आणि जोडी हळूहळू फिरवली. तयार झालेले वजन इतके नगण्य होते की ते त्यांना जाणवलेही नाही. सुटी ठेवलेली वस्तू मात्र सावकाश एका बाजूला सरकली.

अडचण कुठे आहे ती आकड्यांत दिसते. समजा, मध्यापासून भिंत ३ मीटरवर आहे. पृथ्वीइतके वजन हवे तर यानाने मिनिटाला सुमारे १७ फेऱ्या घेतल्या पाहिजेत. अशा यानात पायाला पूर्ण वजन लागेल आणि डोक्याला निम्म्याहूनही कमी, कारण डोके मध्याजवळ येते. मान वळवली की कानातला तोल सांभाळणारा भाग गोंधळेल, चक्कर येईल, उलटी होईल. फेकलेला चेंडू भलतीकडे जाईल. जमिनीवर फिरत्या खोल्या बांधून लोकांना दिवसच्या दिवस त्यांत ठेवून पाहिले आहे. मिनिटाला दोन-तीन फेऱ्या बहुतेकांना सोसतात, दहाच्या आसपास बहुतेकांचा जीव घाबरा होतो. बरे, दोनच फेऱ्या ठेवायच्या तर भिंत मध्यापासून सुमारे २२४ मीटरवर, म्हणजे चाक जवळजवळ ४५० मीटर रुंद. आजचे अंतराळ स्थानक टोकापासून टोकापर्यंत ११० मीटरही भरत नाही, आणि तेवढे जोडायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. वजन घराच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून, असे मास्तर लिहून गेले होते. आकार केवढा, तो वर नेणार कसा आणि खर्च कोण करणार, हे पुढच्यांवर आले.

स्थानक फिरवत नाहीत याला आणखी साधे कारणही आहे. ते बांधलेच मुळी वजन नसताना काय घडते ते पाहण्यासाठी. म्हणून तिथले लोक रोज सुमारे दोन तास पट्ट्यांनी स्वतःला बांधून धावतात, ताण ओढतात. व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडांतून महिन्याला एक ते दीड टक्का भर निघून जाते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत ७ वर गेले तेव्हा याच संदर्भात त्यांनी योगासने करून पाहिली होती. काही महिन्यांचे हे दुखणे व्यायामाने बरेचसे आवरते. मंगळावर जायला एका बाजूचा प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा, आणि उतरल्यावर उचलून घ्यायला तिथे कोणी नसणार.

अंतराळात फिरत्या घरात माणूस आजवर राहिलेला नाही. उंदीर राहिले आहेत. १९७७ मध्ये सोव्हिएत संघाच्या कॉसमॉस ९३६ या उपग्रहात उंदरांना फिरत्या यंत्रात ठेवून पृथ्वीइतके वजन दिले होते. २०१६ मध्ये स्थानकाच्या जपानी प्रयोगशाळेत १२ उंदीर ३५ दिवस ठेवले, सहा तरंगते आणि सहा फिरत्या पिंजऱ्यात. तरंगणाऱ्यांचे स्नायू आणि हाडे झिजली. फिरणाऱ्या सहांची टिकून होती.